हापशाचं पहिलं पाणी

कावुथाआत्या लग्न होऊन कासेवेला आली तेव्हा सासूनं तिला आधी घर नाही दाखवलं, झिरा दाखवला. म्वोनी नदी आमची, म्हणायला नदी. पावसाचे दोन हंगाम सोडले तर नुसती वाळू. त्या वाळूत प्रत्येक घराचा आपापला झिरा, हातानं उकरलेला खड्डा. त्यात खालनं पाणी पाझरत राहतं, ते करवंटीनं उपसून कॅनमध्ये भरायचं. सासू म्हणाली, हा आपला, ह्याच्याभोवती काटे लावत जा, नाहीतर गाढवं तोंड घालतात. मग घरी नेलं. आत्या हे सांगताना हसायची. म्हणायची, नवऱ्याचं तोंड नंतर बघितलं, झिऱ्याचं आधी.

नवऱ्याचं तोंड बघायला मिळायचंच कमी. मुसीलीमामा मोम्बासाला बंदरावर हमाल होता, नाताळला यायचा, साखर आणि साबण घेऊन. आमच्याकडचे सगळेच पुरुष असे. गावात उरतात बायका, शेळ्या आणि म्हातारे. मुसीलीमामा पुढं तिकडंच वारला, पेटीतनं आला.

आत्याची पहिली दोन लेकरं जुलाबानं गेली. लागोपाठ गेली. त्यांची नावं ती कधी घेत नव्हती आणि आम्हीपण कधी विचारली नाहीत. तेव्हा सगळ्यांच्याच घरात जायची तशी, त्यामुळं कुणी फार रडूपण देत नव्हतं, म्हणायचे तू अजून तरुण आहेस. मुलवाच्या वेळी पोटुशी असताना ती मिशनच्या दवाखान्यात गेली तर तिथल्या नर्सनं विचारलं, पाणी कुठलं पिता? आणि सांगितलं की लेकरं पाण्यानं जातात. आत्याला कुणी असं कधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं नजर लागली, सासूला वाटायचं सुनेचं दूध वाईट.

तिथनं पुढं तिचा झिरा म्हणजे देवघर झालं. पहाट झाली की जायची, रात्रभर साठलेलं पाणी उपसून फेकून द्यायची, नवीन पाझरेपर्यंत बसून राहायची. बाभळीच्या फांद्या अशा लावायची की शेळीचा कान आत जाणार नाही. दुसऱ्या कुणाची करवंटी आत बुडवू द्यायची नाही. बायका चिडवायच्या, कावुथा, झिऱ्याला कुलूप कधी लावतेस म्हणून. ती म्हणायची, लावते, किल्ली तुझ्या सासूकडं ठेवते. मुलवा जगला. जगला, वाढला, शाळेत गेला. आत्याला पक्कं वाटलं की झिऱ्यानं वाचवला. आणि खरंच म्वोनीवर एवढं नितळ पाणी कुणाचं नव्हतं, तळाची वाळू मोजून घ्यावी असं.

पण मुलवा एकटा जगून काय होतं. गावातली लेकरं जातच होती. म्हणून बंधाऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा आत्या सगळ्यांत पुढं होती.

आमच्याकडं बायकांचे कामाचे गट असतात. आज तुझं शेत, उद्या माझं, गाणी म्हणत करायचं. त्या गटाची मुख्य होती वायुआ, आत्याची मैत्रीण, तोंडानं फाटकी पण हातानं मोठी. शेजारच्या नदीवरच्या बायकांनी दगडाचा बंधारा घातला होता. पावसात वाहून येणारी वाळू त्याच्यामागं अडते, वाळूच्या पोटात पाणी राहतं, उन्हात आटत नाही, आणि मग काठावर विहीर खणून वरनं झाकायची, हापसा बसवायचा. वायुआ जाऊन बघून आली आणि म्हणाली, आपल्याला हेच पाहिजे. मिशननं सिमेंट द्यायचं कबूल केलं. दगड आम्ही आणायचे.

दगड आणले ते डोक्यावर. डोंगराकडनं. दुकानासमोर म्हातारे बसलेले असायचे, त्यांच्या पुढ्यातनंच वाट. किटोंगा म्हातारा, गावातला सगळ्यांत जुना, तो एक दिवस म्हणाला, नदी अडवायला निघाल्यात, ह्यांना नवरे अडवता आले नाहीत.

वायुआनं डोक्यावरचा दगडपण खाली ठेवला नाही. म्हणाली, "बाबा, नदी जाताना वाळू तरी ठेवून जाते. नवरे काय ठेवून जातात ते तुम्हीच बघा," आणि स्वतःच्या पोटाकडं बघितलं. वय साठीचं तिचं. म्हातारे खोकायला लागले हसून हसून. किटोंगा सगळ्यांत जास्त. त्यानंतर तो रोज येऊन बांधकामापाशी बसायचा आणि दगड वाकडा बसला की सांगायचा.

वाळू भरायला चार वर्षं गेली. मधल्या काळात मुलवाचं लग्न झालं, मुतिंदी घरात आली. मुलवापण बापासारखाच मोम्बासाला गेला, पण हा गॅरेजमध्ये. मुतिंदी शांत पोरगी, हसली तर तोंडावर हात ठेवून हसायची. सासू-सुनेचं जमलं. एका चुलीवर दोघी, मका-चवळी शिजायला ठेवली की संध्याकाळ गप्पांत जायची. मुतिंदीला मुलगी झाली आणि आमच्या रीतीनं पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, म्हणजे कावुथाच. धाकटी कावुथा. मुलवा फोनवर तिला आई म्हणायचा, कारण नाव आईचं. आई जेवली का, आई झोपली का. मुतिंदी विचारायची, कुठली? आत्या म्हणायची, बिनदाताची.

आत्याचा जीव होता तो सगळा. पोरगी रांगायला लागली, चालायला लागली, अंगणातनं पळायची तर आत्या मागनं ओरडायची, ए बाई, माझं नाव घेऊन कुठं पळतेस, परत आण. पोरगी थांबायची, वळायची आणि मूठ उघडून दाखवायची, जसं काय नाव तिच्या मुठीत आहे. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

विहीर झाली तेव्हा ती दोन वर्षांची. गवंड्यानं आतनं दगड लावले, वर सिमेंटचं झाकण घातलं, हापसा उभा केला. सगळं गाव जमलं. मका-चवळी शिजवली होती, किटोंगानं बोकड दिला. गवंडी म्हणाला की हापशातला चामड्याचा वायसर कोरडा आहे, पाणी धरणार नाही, वरनं थोडं पाणी ओता म्हणजे चालू होईल. कुणीतरी कॅन पुढं केला, मिशनच्या गाडीतला, शहरातनं आणलेला. तेव्हा म्हातारे म्हणाले असं नाही चालणार. नवीन पाण्याला जुन्या पाण्याची ओळख करून द्यावी लागते. दुधाच्या भोपळ्यात कालचं आंबट राहतं तेव्हा आजचं लागतं, विरजणासारखं. नदीला वाटू नये की आपल्याला टाकलं. जुनं पाणी घाला, नदीतलं, गावातलं.

ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गवंड्यालापण नाही, तो आमच्यातलाच. प्रश्न एवढाच की कुणाच्या झिऱ्याचं घालायचं. आणि सगळ्यांनी आत्याकडं बघितलं.

ती पळत गेली. ह्या वयात पळत. त्या आठवड्यात खालच्या बाजारगावात जुलाब-उलट्यांची साथ होती असं कानावर होतं, बाजाराला जाणारे-येणारे नदीच्या पात्रातनंच चालतात, पण ते तिकडं, आपलं इकडं. झिऱ्याच्या काट्या एका बाजूनं पडल्या होत्या. तिनं त्या नीट केल्या. वरचं पाणी उपसून फेकलं, नवीन पाझरायची वाट बघितली, जशी नेहमी बघते तशी. काचेसारखं आलं. भोपळ्याचा तुंबा भरला आणि डोक्यावर घेऊन आली. बायका गात होत्या. तिनं तो तुंबा हापशात ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. वायुआनं दांडा हापसला. आधी नुसतं खरखर, मग घशातनं आवाज आल्यासारखं झालं आणि पाणी आलं.

पहिला पेला कुणाला, तर घरात जो सगळ्यांत शेवटी आला त्याला, आणि ज्या घरानं पाणी दिलं त्या घरातल्याला. म्हणजे धाकटीला. आत्यानं पेला धरला, पोरगीनं दोन्ही हातांनी आत्याचं मनगट धरलं आणि सगळं प्यायली, खाली ठेवलाच नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले तर तीपण वाजवायला लागली. नंतरचा पेला वायुआच्या नातवाला. मग पाणी वाहायला लागलं आणि सगळेच प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगीला जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे. दुपारपर्यंत डोळे आत गेले. मुतिंदीनं पाठीला बांधली, आत्यानं मीठ-साखरेचं पाणी घेतलं आणि दोघी दवाखान्याच्या वाटेला लागल्या. मोटरसायकल अर्ध्या वाटेत मिळाली. नर्सनं सलाईन लावायला शीर शोधली, हाताला शोधली, पायाला शोधली, डोक्याला शोधली. शोधत असताना विचारत होती, काय खाल्लं, काय प्यायली. मुतिंदी म्हणाली काहीच वेगळं नाही, नवीन विहिरीचं पाणी तेवढं. घरात उकळूनच देतो आम्ही. न उकळलेलं पाणी तिनं फक्त त्या दिवशी प्यायलं, विहिरीवर.

आत्या शेजारी उभी होती. तिला तिथंच कळलं. पहिलं पाणी. दांडा मारल्यावर पहिल्यांदा जे वर येतं ते वरनं ओतलेलंच असतं. तिनं जमिनीकडं बघितलं. नर्सनं परत विचारलं, झिऱ्याचं वगैरे काही? मुतिंदी नाही म्हणाली. आत्या काहीच बोलली नाही, आणि तेवढ्यात नर्सला शीर सापडली म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं.

पोरगी गेली संध्याकाळ व्हायच्या आत. आत्याच्या मांडीवर डोकं, मुतिंदीच्या मांडीवर पाय.

तिला घरामागं पुरली. मुलवा बसनं येईपर्यंत थांबले होते. तो आला आणि खड्ड्यापाशी उभा राहून आई, आई म्हणत राहिला, आणि त्याची आई शेजारीच उभी होती, तिला कळेना ओ द्यावी का काय करावं.

वायुआचा नातूपण आजारी पडला होता, पण तो मोठा होता, वाचला. गावाला एवढं पुरलं. विहिरीनं पोर खाल्लं. नदीला अडवलं म्हणून नदीनं घेतलं. नर्स आली, बाटलीत पाणी भरून घेऊन गेली, औषध टाकून विहीर धुवायला सांगितलं, म्हणाली विहिरीत दोष नाही. कुणी ऐकलं नाही तिचं. बायका परत करवंट्या घेऊन वाळूत गेल्या. त्याच झिऱ्यांवर. आत्या अंगणातनं बघायची, रिकामे कॅन घेऊन गाढवं हापशावरनं पुढं जाताना. पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या दोन घरांत लेकरं आजारी पडली. झिऱ्याचं पाणी पिऊन पडली, पण बोल लागला विहिरीला, तिची सावली पडली म्हणे.

मग म्हाताऱ्यांनी उंबराखाली बैठक बोलावली. हापशाचा दांडा काढून घ्यायचा आणि वर दगड ठेवायचा असं जवळजवळ ठरलेलंच होतं. बैठकीत बायका मागं बसतात, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मुतिंदी बसली होती, डोक्यावरनं फडकं ओढून. मुलवा पुरुषांत.

सगळे दिवस आत्या सांगायचं सांगायचं म्हणत होती. चुलीपाशी दोघी बसायच्या, मुतिंदी काहीतरी ढवळत राहायची आणि आत्या चुलीत लाकूड पुढं सारत राहायची. एकदा तर तिनं, मुतिंदी, म्हणून हाकपण मारली. मुतिंदीनं वर बघितलं, रडून रडून डोळे सुजलेले, आणि आत्या म्हणाली, मीठ घातलंस का.

किटोंगानं काठी आपटून विचारलं की कुणाला काही म्हणायचंय का. विचारायचं म्हणून विचारलं. आत्या उठली.

"पहिलं पाणी विहिरीचं नव्हतं," ती म्हणाली. "मी वरनं ओतलं तेच परत वर आलं. माझ्या झिऱ्याचं होतं. तेच तिनं प्यायलं, वायुआच्या नातवानं त्याच्यामागनं प्यायलं. बाकीचे सगळे नंतर प्यायले, विहिरीचं प्यायले, त्यांना काय झालं? काही नाही झालं."

किटोंगा म्हणाला, "पोरी, जुनं पाणी घाल असं आम्हीच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं. पण झिरा माझा होता आणि पेला माझ्या हातात होता." मग ती म्हणाली, "दगड ठेवायचा तर झिऱ्यांवर ठेवा. माझ्यापासनं सुरुवात करा."

आणि ती खाली बसली.

सगळे किटोंगाकडं बघत होते, पण बोलली मुतिंदी. मोठ्यानं नाही. "आई, मला हे घरात का नाही सांगितलंत? चुलीपाशी बसत होतो की आपण दोघी."

का नाही सांगितलं ते आत्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. मुतिंदी थोडा वेळ वाट बघत राहिली, खरंच वाट बघत राहिली, सगळ्यांनी बघितलं. मग उठली आणि घराकडं गेली. मुलवा आईकडं बघत राहिला, मग तोपण गेला.

दुसऱ्या दिवशीच्या बसनं दोघं मोम्बासाला गेली. भांडण नाही, शिवीगाळ नाही. मुतिंदीनं जाताना चूल सारवून ठेवली होती. तेच आत्याला जास्त लागलं. म्हणायची, दोन शब्द टाकून गेली असती तर बरं झालं असतं.

हापशावर दगड ठेवला नाही. आत्या, वायुआ आणि गटातल्या बायकांनी विहीर उपसली, घासली, नर्सनं दिलेलं औषध टाकलं. तरी कुणी प्यायला तयार नव्हतं. आत्या रोज सकाळी जायची, सगळ्यांसमोर हापसायची, ओंजळीनं प्यायची आणि तिथंच बसून राहायची. लोक लांबनं बघायचे. असं बरेच दिवस. एक दिवस वायुआ कॅन घेऊन आली आणि म्हणाली, सरक, माझ्या नातवाला त्या झिऱ्याचं पाणी आता नको. मी मेले तर माझी कोंबडी तू घे, सुनेला देऊ नकोस. ती मेली नाही. मग तिची सून आली, मग शेजारीण. पाऊस आला गेला. मग झिऱ्यांवर जाणारं कुणी उरलं नाही, काट्यांच्या फांद्या तशाच वाळून पडल्या आणि पुरात वाहून गेल्या.

कासेवेत आता जुलाबानं लेकरू गेलेलं नाही, कितीतरी वर्षं. आत्याला लोक हे येऊन सांगायचे, मान द्यायचे, हापशाला तिचं नाव घेऊन कावुथाकडं जाते असं म्हणायचे. तिला ते ऐकवायचं नाही. तोंड फिरवायची. ते नाव तिच्या एकटीचं थोडंच होतं.

मुलवा पैसे पाठवायचा, फोन करायचा, वर्षा-दोन वर्षांनी येऊन जायचा. एकटा. पुढं त्यांना मुलगी झाली तेव्हा फोन आला. मुतिंदीच्या आईचं नाव ठेवलं होतं. आत्या म्हणाली चांगलं नाव आहे, मुलीचं वजन किती, मुतिंदीला पेज मिळते का. फोन बंद झाला आणि मग उभीच राहिली, फोन हातात धरून. मग मुलगा झाला. ती दोन्ही लेकरं आत्यानं फोनमधल्या फोटोतच बघितली.

गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाला, हृदय. मुलवा आला आणि ह्या वेळी मुतिंदी आली, दोन्ही लेकरं घेऊन. दारात वाकून नमस्कार केला, सासूच्या पायाशी बसली. काय बोलली तर प्रवासाचं. बस कुठं बंद पडली, ऊन किती होतं. आत्या हूं हूं करत होती. सारखी लेकरांकडं बघत होती.

मुतिंदीनं बसस्टँडवरनं बाटल्या आणल्या होत्या पाण्याच्या. लेकरांना तेच देत होती. घरातल्या माठाकडं बघत नव्हती आणि आत्यापण बघत नसल्यासारखं करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या संपल्या. पोरगा पाणी पाणी करायला लागला. मुतिंदी रिकामी बाटली हातात घेऊन बसली, उठेचना. पोरगा रडायला लागला.

"उकळून दे, बाई," आत्या अंथरुणातनं म्हणाली. "उकळून दे आणि गार करून दे. मी तुला नुसतं दे म्हणणार नाही."

मुतिंदी उठली. चूल पेटवली, पाणी उकळलं, खूप वेळ उकळलं, अर्धं आटेपर्यंत. गार केलं. पोरगा प्यायला, पोरगी प्यायली. मुतिंदी स्वतः प्यायली नाही. आत्यानं डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या कडेनं पाणी यायला लागलं, ते पुसायला मुतिंदी पुढं झाली, पण तिचा हात मधेच थांबला. मग तिनं फडक्याचं टोक आत्याच्या हातात दिलं.

आत्या त्यानंतर दोन दिवसांनी गेली, सकाळी. सून चुलीपाशी होती, कुणाला कळलं नाही नक्की कधी.

मातीला माणसं फार आली. नदीच्या दोन्ही काठांवरची आली. एवढ्या लोकांना चहा, पेज, पाणी, सगळं लागणार. सुनेचं काम ते. मुतिंदीनं दोन पिवळे कॅन घेतले आणि हापशावर गेली. तिथं रांग होती. बायकांनी तिला ओळखलं आणि बाजूला झाल्या, तू आधी भर म्हणाल्या, तुझ्या घरात माती आहे. ती नको म्हणाली. रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, ऊन डोक्यावर घेऊन, पुढचा कॅन सरकला की आपला कॅन पायानं पुढं सरकवत. नंबर आला तेव्हा वायुआ म्हातारी दांडा धरायला पुढं आली, तिलापण नको म्हणाली.

दोन्ही हातांनी स्वतःच हापसत होती. आणि हापसताना आई, आई करत होती. कुठल्या कावुथाला ते वायुआनंपण विचारलं नाही.